शुक्रवारी एक रेघ, रविवारी दोन

एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. थोडं आखडून देते:

"गुरुवारी रात्री माझ्या सोळा वर्षांच्या मुलाचा घसा खवखवायला लागला. शुक्रवारी सकाळी त्याने घरच्या किटवर स्वतःच कोविडची तपासणी केली. एकच रेघ आली, म्हणून संध्याकाळी आम्ही सगळे सासूबाईंना भेटायला गेलो. त्या 74 वर्षांच्या आहेत, वेगळ्या राहतात आणि रक्ताच्या कॅन्सरवर त्यांचे उपचार चालू आहेत. रविवारी मुलाला ताप आला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने आपणहून पुन्हा तपासलं, तर दोन रेघा! यजमान म्हणतात, ही किटं म्हणजे नुसती फसवणूक. सासूबाईंना अजून काही त्रास नाही, पण माझा डोळ्याला डोळा लागत नाही. मुलाने कांडी नीट फिरवली नसेल का? मी शेजारी उभं राहायला हवं होतं का? माझी तपासणी रविवारी निगेटिव्ह आली, पण टाकून दिलेली पट्टी दोन तासांनी पाहिली तर तिच्यावर पुसटशी दुसरी रेघ. ती धरायची की सोडायची? आणि यापुढे या किटवर विश्वास ठेवायचा की नाही?"

ताई, सासूबाईंपुरतं उत्तर मी तुम्हाला पत्र मिळालं त्याच दिवशी कळवलं होतं. तेच इथे आधी लिहिते, कारण अशी आजी किंवा असे आजोबा अनेक वाचकांच्या घरी असतील. कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या माणसाच्या बाबतीत लक्षणं दिसायची वाट बघत थांबायचं नसतं. त्यांच्या डॉक्टरांना आजच्या आज सांगायचं, की शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याजवळ बसलेला नातू रविवारी पॉझिटिव्ह निघाला. कोविडवरची विषाणूरोधक औषधं वेळेत सुरू झाली तरच कामाची: पॅक्सलोव्हिडच्या गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून 5 दिवसांच्या आत, शिरेतून दिलं जाणारं रेमडेसिविर 7 दिवसांच्या आत. शिवाय पॅक्सलोव्हिडचं इतर बऱ्याच औषधांशी जमत नाही. चालू असलेल्या गोळ्यांची यादी समोर ठेवून डॉक्टरांनाच निर्णय घ्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. आजींची तपासणी करायची ती लॅबमधली आरटी-पीसीआर. घरच्या किटवर त्यांची एक रेघ आली तर ती बघून कुणीही हुश्श करू नये.

आता तुमच्या झोपेचं. मुलाने कांडी नीट फिरवली की नाही हे मला इथे बसून सांगता येणार नाही, आणि तुम्ही शेजारी उभ्या असतात तरी तुम्हालाही सांगता आलं नसतं. पण शुक्रवारी सकाळी त्याची लक्षणं जेमतेम बारा तासांची होती. त्या वेळी एखाद्या अनुभवी परिचारिकेने नमुना घेतला असता तरी एकच रेघ येण्याची शक्यता मोठी होती. ते का, हे समजून घेतलंत तर बाकीची उत्तरं बरीचशी तुमची तुम्हालाच सापडतील.

नमुने तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे पट्टीच्या आत काय चालतं ते जरा सविस्तर सांगते. कांडी किटमधल्या द्रावात घुसळली की विषाणू फुटतो आणि त्याच्या आतलं एक प्रथिन मोकळं होतं. पट्टीवर थेंब टाकले की हे प्रथिन ओलाव्याबरोबर पुढे सरकायला लागतं. वाटेत त्याला रंगीत सूक्ष्म कण चिकटतात. बऱ्याच किटमध्ये हे कण चक्क सोन्याचे असतात आणि त्यांच्यावर विषाणूचं प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडं बसवलेली असतात. पुढे टी या अक्षरापाशी आणखी प्रतिपिंडं पट्टीत पक्की रोवलेली असतात. प्रथिन तिथे अडकतं, त्याच्यासोबत आलेल्या कणांची दाटी होते, आणि ही दाटी पुरेशी झाली तरच ती आपल्या डोळ्यांना रेघ म्हणून दिसते. पट्टीला नाकातल्या त्या एवढ्याशा शेंबडात जे सापडेल तेवढंच. ते वाढवून बघायची सोय तिच्याकडे नाही. लॅबमधली पीसीआर मात्र विषाणूच्या जनुकीय तुकड्याच्या प्रती काढत जाते. प्रत्येक फेरीत दुप्पट, म्हणजे 30 फेऱ्यांत एकाचे 100 कोटींहून अधिक. म्हणून पीसीआरला थोडा विषाणूही सापडतो, पट्टीला पुष्कळ लागतो.

आणि हा 'पुष्कळ' पहिल्या दिवशी नाकात असतोच असं नाही. लागण किंवा लस यांमुळे ज्यांच्या शरीराला या विषाणूची आधीच ओळख झालेली आहे, त्यांची प्रतिकारशक्ती लवकर जागी होते. घसा खवखवणं, अंग मोडून येणं ही बऱ्याच अंशी त्या जाग्या झालेल्या प्रतिकाराचीच खूण असते. म्हणजे लक्षणं आधी येतात आणि नाकातला विषाणू मागाहून चढतो. ओमायक्रॉननंतरच्या अभ्यासांत विषाणूचं प्रमाण लक्षणांच्या चौथ्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त आढळलं आणि किटची पकडही त्याच सुमारास सर्वांत चांगली होती. तुमच्या मुलाची एक रेघ पहिल्या सकाळची आणि दोन रेघा तिसऱ्या दिवसाच्या, हे या चित्राशी अगदी जुळतं. म्हणजे किटने शुक्रवारी खोटं सांगितलं असं म्हणायलाही मी तयार नाही. 'या घडीला, या कांडीवर, मला दिसेल इतका विषाणू नाही' एवढंच ती एक रेघ सांगत होती. 'मुलाला कोविड नाही' हा अर्थ आपण तिला चिकटवतो. आणि तो तुम्ही एकट्यांनीच चिकटवला असं नका समजू, घरोघरी हेच होतं.

आता कांडीविषयी, कारण तुमची शंका अगदीच निराधार नाही. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 2020 मध्ये पोर्टन डाऊनची प्रयोगशाळा आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांनी एका किटचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. किट तेच, पण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी वापरलं तेव्हा त्याने साधारण 79 टक्के बाधित पकडले, प्रशिक्षित आरोग्यसेवकांच्या हाती 73 टक्के, आणि सूचना वाचून स्वतःच शिकलेल्या सर्वसामान्यांच्या हाती 58 टक्के. हा फरक पट्टीचा नव्हता, हातांचा होता. मला या आकड्यांची भीती वाटत नाही, उलट धीर येतो, कारण हात सुधारता येतात. बर्लिनमध्ये झालेल्या अभ्यासात तर समोर उभं राहून सूचना दिल्यावर लोकांनी स्वतः नाकाच्या पुढच्या भागातून घेतलेला नमुना, आरोग्यसेवकाने खोलवरून घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीचा ठरला.

लोक चुकतात ते बहुधा घाबरून किंवा घाईत. कांडी नाकपुडीच्या तोंडाशीच गोल फिरते, कशालाही न घासता बाहेर येते आणि तिच्यावर काही नसतंच. आधी हात धुवा, नाक शिंकरून मोकळं करा. मग कांडीचं टोक पूर्ण आत, साधारण दीड ते दोन सेंटिमीटर जाऊ द्या आणि ते नाकाच्या आतल्या बाजूला टेकवून, दाबून, सावकाश चार-पाच वेळा फिरवा. पंधरा सेकंद तरी लागले पाहिजेत. नाक हुळहुळलं, डोळ्यांत पाणी आलं तर समजा बरोबर चाललं आहे; दुखायला मात्र नको. त्याच कांडीने दुसरी नाकपुडीही तशीच. टोकाला बोट लावायचं नाही, कांडी ओट्यावर ठेवायची नाही. द्रावात घुसळताना नळीच्या बाजू दाबून कांडी पिळून काढा, नाहीतर मेहनतीने जमवलेलं सगळं कांडीतच राहतं. थेंब किटच्या कागदावर लिहिलेत तेवढेच मोजून. कमी पडले तर पाणी पुढे सरकत नाही, जास्त झाले तर पट्टी भिजून गढूळ होते. आणि किट फार थंड जागी ठेवलेलं असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

घशातूनही घ्यायचं का, असं बरेच जण विचारतात. किटच्या कागदावर घसा लिहिला असेल तर घ्या, नसेल तर नको. काही देशांतली किटं घसा आणि नाक दोन्हींसाठी बनवलेली होती, बहुतेक फक्त नाकासाठी असतात. ज्या नमुन्यावर किट तपासून घेतलेलं नाही, त्या नमुन्यावर त्याचं उत्तर ग्राह्य धरता येत नाही. आम्लाने तर पट्टीवरची प्रतिपिंडं बिघडतात: 2021 मध्ये मुलांनी फळांचा आंबट रस आणि कोला थेट पट्टीवर टाकून खोट्या दोन रेघा काढून दाखवल्या होत्या. मुलांना शाळा बुडवायची होती हे खरं, पण पट्टी फक्त तिच्या सोबतच्या द्रावावरच भरवशाची असते, हेही त्यातून सगळ्यांना दिसलं.

एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे, कारण या कामात असताना मी सुशिक्षित माणसांनाही तिथे फसलेलं पाहिलं आहे. सी या अक्षरापाशी रेघ आली म्हणजे तपासणी नीट झाली, असं जवळजवळ सगळे धरून चालतात. ती रेघ फक्त एवढंच सांगते की द्राव पट्टीच्या शेवटापर्यंत पोहोचला आणि पट्टीतली रसायनं शाबूत आहेत. कांडी नाकाला लागली होती की नाही, हे तिला कळत नाही. नाकात न घातलेली कोरी कांडी घुसळलीत तरी सीची रेघ झोकात येते! आपल्यात शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. इथे शीतच हाती लागलं नाही तरी पट्टी ते बोलून दाखवत नाही.

तुमच्या दोन तासांनंतरच्या रेघेबद्दल: ती सोडून द्या. प्रत्येक किटला वाचायची वेळ ठरलेली असते, कुणाची 15 मिनिटं, कुणाची 20, आणि अमुक मिनिटांनंतर वाचू नका हेही लिहिलेलं असतं. पट्टी वाळते तेव्हा टीच्या जागी करडी, बिनरंगी छटा उमटू शकते, आणि कधी ती चांगली रंगीतही दिसते. त्यावरून काहीच ठरवता येत नाही, ना हो ना नाही. पण हीच पुसट रेघ ठरलेल्या वेळेत दिसली असती, तर ती पॉझिटिव्ह धरायची. कितीही फिकट असो, डोळे बारीक करून बघावी लागो, रंग आहे म्हणजे आहे. फिकट रेघ म्हणजे 'थोडासाच कोविड' असंही नाही. ती चढत्या विषाणूची सुरुवात असू शकते आणि उद्या तीच गडद होईल. तुमच्यापुरतं सांगायचं तर रविवारची तुमची निगेटिव्ह ही पहिली मोजा, मंगळवारी दुसरी करा, गुरुवारी तिसरी, आणि तोवर स्वतःला मोकळं समजू नका.

हे 48 तासांचं अंतर मी मनाने सांगत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, ऑगस्ट 2022 पासून हेच सांगितलं आहे: लक्षणं असतील तर 48 तासांच्या अंतराने किमान दोन तपासण्या, लक्षणं नसतील पण संपर्क आला असेल तर तशाच अंतराने किमान तीन. लागोपाठ दोन किटं एकाच सकाळी वापरण्यात फारसा अर्थ नाही, कारण वेळ मिळायला हवा तो विषाणूला वाढायला. पैसे तेवढेच जातात आणि उत्तर बहुधा तेच येतं.

यजमानांचा 'फसवणूक' हा शब्द मात्र मला मान्य नाही, आणि आकड्यांनाही नाही. कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 2022 मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले. पीसीआरच्या तुलनेत या जलद तपासण्यांनी लक्षणं असलेल्यांपैकी सरासरी 73 टक्के बाधित पकडले, लक्षणं नसलेल्यांपैकी 55 टक्के. लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात 81 टक्के, दुसऱ्यात 54. किटाकिटांत तफावतही मोठी, लक्षणं असलेल्यांमध्ये कुणाची पकड 34 टक्के तर कुणाची 91. पण ज्यांना लागण नाही त्यांना निगेटिव्ह म्हणण्यात या तपासण्या 99 टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर निघाल्या. तेव्हा दोन रेघा आणि एक रेघ यांना सारखं वजन द्यायचं नाही. दोन रेघांवर, लक्षणं किंवा संपर्क असताना, बिनदिक्कत विश्वास ठेवा आणि लगेच वेगळं व्हा.

तुमच्या घरासारख्याच परिस्थितीतली शंभर माणसं कल्पनेत घ्या: घरात एक पॉझिटिव्ह, बाकीच्यांना कणकण. समजा त्यांतल्या 40 जणांना खरोखर लागण झाली आहे आणि किट 70 टक्के पकडतं. म्हणजे 28 जणांना दोन रेघा, 12 जण निसटले. निरोगी 60 जणांना एक रेघ. एकूण 72 जणांना एक रेघ दिसली आणि त्यांत 12 बाधित, म्हणजे दर सहांत एक. सहांतल्या एकाने कचेरीत जायचं की नाही हा एक प्रश्न झाला. त्याने कॅन्सरच्या रुग्णाच्या शेजारी बसायचं का, हा अगदी वेगळा प्रश्न. किट तेच, रेघ तीच, पण कुणाकडे निघालो आहोत त्यावरून तिची किंमत बदलते. उलट बाजूही आहे. साथ ओसरलेली, घरात कुणी आजारी नाही, घसा ठणठणीत, अशा वेळी उगाच केलेल्या तपासणीत दोन रेघा आल्या तर त्यांतल्या बऱ्याच खोट्या निघू शकतात, कारण खरे बाधित शोधायलाच थोडे असतात. अशा वेळी पीसीआरने खात्री करून घ्या.

जुनी किटं कपाटात पडली असतील तर मुदतीची तारीख बघा. काही उत्पादकांच्या मुदती नंतर अधिकृतपणे वाढवल्या गेल्या होत्या. तशी नोंद नसेल तर टाकून द्या. उन्हात किंवा गरम गाडीत राहिलेलं किटही नको, कारण बहुतेकांना 2 ते 30 अंश सेल्सिअसमध्येच ठेवायचं असतं. आणि ती द्रावाची छोटी नळी डोळ्यांत घालायच्या औषधासारखी दिसते. घाईत ती डोळ्यांत पिळल्याच्या घटना घडल्या आहेत आणि काही किटांत त्या द्रावात सोडियम अ‍ॅझाइड हे विषारी रसायन असतं. तेव्हा ती औषधांच्या डब्यात नको आणि लहान मुलांच्या हाती लागेल अशी तर मुळीच नको.

सासूबाईंकडे पुन्हा कधी जायचं? मुलाने लक्षणं सुरू झाल्यापासून निदान 10 दिवस थांबावं. गुरुवार धरला तर त्याच्या पुढच्या आठवड्यातला रविवार येतो. त्यानंतरही 48 तासांच्या अंतराने दोन निगेटिव्ह आल्यावर, आणि ताप पूर्ण गेलेला असेल तरच. या टप्प्यावर मात्र पीसीआर करत बसू नका: ती बरं झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहू शकते, कारण विषाणूचे निर्जीव तुकडेही तिला सापडतात. 'अजून माझ्या नाकात भरपूर विषाणू आहे का' हे विचारायला घरची पट्टीच जास्त सोयीची. तुम्ही आणि यजमान तिन्ही तपासण्यांत निगेटिव्ह आलात, तरी मुलगा बरा होईपर्यंत घरात तुमचा संपर्क चालूच आहे, म्हणून तुम्हीही त्याच्यासोबतच थांबा. रोज फोन करा, त्यांना लागेल ते दाराशी नेऊन द्या. आणि यापुढे कुणाचाही घसा खवखवत असेल तर त्या दिवशी आजींकडे जाणं रद्द, मग किट काहीही म्हणो. भेट दोन दिवस पुढे गेली म्हणून त्या रागावतील, पण समजून घेतील. घरात कुणाला काही नसतानाही जाल तेव्हा खिडक्या उघड्या आणि तोंडाला चांगला मास्क ठेवलात तर बरंच.

आणि मुलाशी बोला. तो गप्प गप्प असेल तर का, ते तुम्हाला माहीत आहे. शुक्रवारी त्याने पहिल्याच सकाळी तपासून पाहिलं, हे बहुतेक मोठी माणसंही करत नाहीत. रविवारी एक निगेटिव्ह हातात असताना, कुणी न सांगता, त्याने दुसऱ्यांदा कांडी घेतली. ती त्याने घेतली नसती तर ताप साधा समजून तुम्ही सगळे आणखी आठवडाभर निर्धास्त राहिला असतात, आणि आजींच्या डॉक्टरांना फोन गेलाच नसता.